बातमीच्या आधीचं शिक्षण

न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवे आणि 116व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर कोलंबिया विद्यापीठाच्या पत्रकारिता विद्यालयाची इमारत आहे. दारासमोर टॉमस जेफरसन यांचा पुतळा, आणि आत 'वर्ल्ड रूम' नावाच्या दालनात रंगीत काचेची एक भली मोठी खिडकी. पृथ्वीच्या दोन गोलार्धांच्या मध्ये मशाल घेतलेली स्वातंत्र्यदेवता तिच्यावर चितारली आहे. ही खिडकी मुळात जोसेफ पुलित्झर यांच्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या दैनिकाच्या कचेरीतली. ती इमारत 1955 मध्ये पाडली गेली तेव्हा खिडकी इथे आली. स्वातंत्र्यदेवतेशी 'वर्ल्ड'चं नातं जुनं होतं. 1885 मध्ये पुतळ्याच्या चौथऱ्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा या पत्राने वाचकांकडून एक लाख डॉलरहून अधिक वर्गणी जमवली. देणारी माणसंही लाखाच्या वर होती, बहुतेकांनी एक डॉलर किंवा त्याहून कमी दिलेला, तरी प्रत्येकाचं नाव अंकात छापून आलं. याच 'वर्ल्ड'ने पुढे 1898 च्या सुमारास, हर्स्ट यांच्या पत्राशी चाललेल्या चढाओढीत, क्यूबा आणि स्पेनबद्दल अशा भडक बातम्या दिल्या की 'पीत पत्रकारिता' हा शब्द या दोन पत्रांमुळेच रूढ झाला. वर्तमानपत्राची ताकद आणि ती ताकद बेफाम सुटली तर काय होतं, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने हाताळून पाहिल्या होत्या. पत्रकारितेचं शिक्षण विद्यापीठात असावं असा आग्रह त्याच माणसाने धरला, म्हणून त्या आग्रहाला वजन आहे.

पुलित्झर हंगेरीतून अमेरिकेत आलेले. विद्यापीठाची पायरी न चढता ते सेंट लुईसच्या एका जर्मन भाषेतल्या पत्रात बातमीदार झाले. 1892 मध्ये त्यांनी कोलंबियासमोर पहिला प्रस्ताव ठेवला, तो विद्यापीठाने नाकारला. 1903 मध्ये करार झाला, आणि 1904 मध्ये त्यांनी 'नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू'मध्ये एक दीर्घ लेख लिहून आक्षेपांना उत्तरं दिली. पत्रकार जन्मावाच लागतो असं म्हणणाऱ्यांना त्यांचं उत्तर असं की वकिली आणि वैद्यकीलाही अंगची बुद्धी लागतेच, म्हणून कोणी त्यांचं शिक्षण बंद करत नाही. त्या लेखातली विषयांची यादी आज वाचली तर नवल वाटतं. कायदा, इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, संख्याशास्त्र, नीती यांवर सगळा भर. मथळा कसा द्यावा आणि कॉपी कशी कापावी याला जागा थोडी. हार्वर्डच्या चार्ल्स एलियट यांनी सुचवलेल्या आराखड्यात वर्तमानपत्राचा कारभार आणि धंद्याची बाजूही होती. पुलित्झरांनी ती ठामपणे बाहेर ठेवली, कारण धंदा शिकवणाऱ्या जागा पुष्कळ होत्या. 1911 मध्ये ते वारले. त्यांनी दिलेल्या 20 लाख डॉलरच्या देणगीतून 30 सप्टेंबर 1912 रोजी विद्यालय सुरू झालं.

पुढे मात्र विद्यालय संस्थापकाच्या यादीपासून दूर सरकलं, आणि त्यालाही सबळ कारण होतं. पहिल्याच तुकडीतून बाहेर पडलेले अधिष्ठाता कार्ल अ‍ॅकरमन यांनी 1935 मध्ये ते फक्त पदवीधरांसाठी केलं. इतिहास-अर्थशास्त्र विद्यार्थी आधीच शिकून आला आहे असं धरलं, आणि उरलेलं एक वर्ष बातमीदारीच्या सरावाला दिलं. न्यूयॉर्क शहर हीच प्रयोगशाळा ठरली. आजही विद्यार्थ्याला शहराचा एखादा भाग बीट म्हणून मिळतो. ब्राँक्स किंवा क्वीन्समधल्या कुठल्या तरी वस्तीत तो ओळखीपाळखीशिवाय जातो, सभागृहात बसतो, पोलीस ठाण्यात थांबतो, दुकानदाराशी बोलतो, आणि संध्याकाळपर्यंत कॉपी देतो. शिक्षक ती शब्दाशब्दाने तपासतात: हे तुला कोणी सांगितलं, त्याला कसं माहीत, दुसऱ्या बाजूला फोन केला का, आडनावाचं स्पेलिंग त्या माणसालाच विचारलं का? या शिस्तीला मी कमी लेखत नाही. नाव चुकीचं छापलं गेलेला वाचक उरलेल्या बातमीवर विश्वास ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण ही शिस्त चांगल्या वार्तासंपादकाच्या हाताखालीही येते. त्यासाठी आख्खं विद्यापीठ कशाला, हा प्रश्न अ‍ॅकरमन यांच्या आराखड्याने अनुत्तरित ठेवला.

तो प्रश्न 2002 मध्ये उघडपणे समोर आला. विद्यापीठाचे नवे अध्यक्ष ली बोलिंजर यांनी अधिष्ठात्यांची निवड मध्येच थांबवली आणि आधी हे विद्यालय कशासाठी आहे ते ठरवू, असं सांगून एक गट नेमला. पत्रकारितेच्या वर्तुळात मोठी नाराजी झाली. बाहेरचा माणूस आमच्या कसबाला हीन ठरवतो आहे, असा सूर होता. पुढच्या वर्षी निकोलस लेमन अधिष्ठाता झाले आणि 2005 पासून जुन्या अभ्यासक्रमाच्या जोडीला दुसरी पदव्युत्तर पदवी सुरू झाली. तिच्यात राजकारण, अर्थव्यवहार, विज्ञान आणि कला असे विषय निवडून त्यात मुरायचं, आणि त्यासाठी विद्यापीठातल्या इतर विभागांच्या वर्गांत जाऊन बसायचं. पुलित्झरांची यादी शंभर वर्षांनी परत आली.

या पदवीतल्या सर्वांना मिळून एक विषय होता, पुरावा आणि अनुमान. पत्रकारितेच्या पदव्युत्तर शिक्षणाचं समर्थन मला करायचं झालं तर मी या एकाच वर्गाकडे बोट दाखवीन. बातमीदाराच्या डोक्यात घराबाहेर पडण्याआधीच एक गोष्ट तयार असते. ती नाकारायची नाही, उलट कागदावर लिहून काढायची. मग ती खोटी ठरवणारी माहिती कोणती असेल ते ठरवायचं आणि आधी तीच शोधायची. एक साधं उदाहरण घेऊ. जिल्ह्यात अमुक गुन्हे यंदा 20 टक्क्यांनी वाढले, अशी ओळ पोलिसांच्या पत्रकात येते. डेस्कवर तिचा मथळा होतो. या वर्गात शिकलेला बातमीदार आधी विचारील की मूळ आकडा किती होता. 10 चे 12 झाले तरी 20 टक्केच होतात. मग तो विचारील, गुन्हे वाढले की नोंदी वाढल्या? नवीन चौकी सुरू झाली का, तक्रार घ्यायची पद्धत बदलली का, गेलं वर्ष नेहमीसारखं होतं का? हे प्रश्न हुशारीने सुचतात असं नाही. संख्याशास्त्राच्या आणि समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी ते शतकभर घासूनपुसून तयार केले आहेत, आणि ते जिथे शिकवले जातात ती जागा विद्यापीठ आहे.

ही तपासणी पुस्तकी नाही, याचा दाखला कोलंबियानेच दिला. नोव्हेंबर 2014 मध्ये 'रोलिंग स्टोन' मासिकाने व्हर्जिनिया विद्यापीठातल्या सामूहिक बलात्काराची एक दीर्घ वृत्तकथा छापली. ती डळमळू लागल्यावर मासिकाने कोलंबियाच्या पत्रकारिता विद्यालयाला चौकशी करायला सांगितलं. एप्रिल 2015 मध्ये अहवाल आला आणि लेख मागे घेण्यात आला. अहवालातल्या चुका वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्या किरकोळ वाटाव्यात इतक्या मूलभूत आहेत. तक्रारदार तरुणी त्या रात्री ज्या तिघा मित्रमैत्रिणींशी बोलली होती, त्यांना लेखिकेने गाठलंच नाही. ज्यांच्यावर आरोप होता त्यांना उत्तर देता येईल इतका तपशील कळवला नाही. टोपणनावं वापरली आणि त्यामुळे न तपासलेल्या जागा झाकल्या गेल्या. मासिकाकडे तथ्यं तपासणारी माणसं होती, अनुभवी संपादक होते. तरीही गोष्ट मनाला पटली होती म्हणून ती खोटी ठरवू शकणारा पुरावा कोणी शोधला नाही. खऱ्या अत्याचारग्रस्त स्त्रियांच्या शब्दावर त्यामुळे किती शंका घेतल्या गेल्या असतील, याची मोजदाद कोण करणार?

'कचेरी हीच खरी शाळा' हा आक्षेप मराठीत फार आवडीने घेतला जातो, आणि त्यासाठी आपल्या थोर संपादकांची नावं पुढे केली जातात. ती नावं नीट पाहावीत. 6 जानेवारी 1832 रोजी 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये गणित आणि खगोल शिकवत. 1881 मध्ये 'केसरी' सुरू झाला तेव्हा टिळक गणित घेऊन बी.ए. आणि वर एलएल.बी. होते, आगरकर एम.ए. होते. यांच्यापैकी कोणी पत्रकारितेचं शिक्षण घेतलं नव्हतं हे खरं, पण त्यांनी शिकता येईल तेवढं शिकून मग लेखणी धरली. बातमीदारी कचेरीत शिकावी हे म्हणणं मला मान्य आहे, विचार करणं कचेरीत शिकवलं जात होतं हे मात्र नाही. शिवाय आजच्या कचेरीत शिकवायला माणूस कुठे आहे? डेस्कवरची संख्या घटली, बातमी छापील अंकाआधी संकेतस्थळावर चढवायची घाई आली, आणि नवख्याची कॉपी समोर घेऊन अर्धा तास बसणारा ज्येष्ठ उपसंपादक दुर्मिळ झाला.

कोलंबियाच्याच आवारातलं एक नाव आपल्याला फार जवळचं आहे. पत्रकारिता विद्यालयाची इमारत 1913 मध्ये उभी राहिली, आणि त्याच वर्षी जुलैत भीमराव आंबेडकर सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात दाखल झाले. पत्रकारितेच्या वर्गात ते बसले नाहीत. त्यांनी अर्थशास्त्राचे 29 अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4. सेलिग्मन आणि ड्यूई यांच्यासारखे गुरू लाभले. 1915 मध्ये एम.ए. झाले, 1916 च्या मे महिन्यात भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. आणि 31 जानेवारी 1920 रोजी, शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीवर, 'मूकनायक' निघाला. पुढे 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत'. पुलित्झरांनी 1904 च्या लेखात पत्रकारासाठी जी विद्या मागितली होती, ती त्यांच्या विद्यालयाच्या शेजारच्या वर्गांमध्ये एका मराठी माणसाने मिळवली. 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात त्या काळच्या वर्तमानपत्रांची जी चिकित्सा आहे, कोणाचे हितसंबंध कोणत्या पत्रात दिसतात आणि कोणाला जागाच नाही, ती समाजशास्त्राच्या अभ्यासकाची नजर आहे.

मग पदवी सक्तीची करावी का? अजिबात नाही. 2013 मध्ये प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी पत्रकारांची किमान पात्रता ठरवण्यासाठी समिती नेमली होती. हेतू चांगला असेलही, पण लिहिण्या-बोलण्याचं स्वातंत्र्य घटनेने प्रत्येक नागरिकाला दिलं आहे आणि पत्रकारिता त्याच स्वातंत्र्यावर उभी आहे. डॉक्टरला परवाना लागतो तसा बातमीदाराला लागला, तर परवाना देणारा हात सरकारचा असेल किंवा सरकारच्या जवळचा असेल. शिक्षण असावं आणि दारं उघडी असावीत, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात.

खर्चाच्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. कोलंबियाची नुसती शिकवणी फी 70 हजार डॉलरच्या वर गेली आहे, आणि राहण्या-खाण्यासह वर्षाचा हिशेब लाखाच्या पुढे जातो. शिष्यवृत्त्या आहेत, तरी कर्ज काढून शिकलेला तरुण कमी पगाराच्या जिल्हा पत्रात जाणार नाही, त्याला ते परवडणारच नाही. ज्या गरीब वस्तीत त्याला वर्षभर बातमीदारी शिकवली, तिथली मुलं या वर्गात किती पोहोचतात हा प्रश्न त्या विद्यालयाला विचारलाच पाहिजे.

आपल्याकडे विद्यापीठीय शिक्षण त्या मानाने स्वस्त आहे, आणि परंपराही नवी नाही. 1950 च्या दशकाच्या आरंभी सिरॅक्यूज विद्यापीठाचे रोलंड वूल्सली फुलब्राइट अध्यापक म्हणून नागपूरला आले आणि हिस्लॉप महाविद्यालयात पत्रकारितेचा विभाग उभा राहिला. पुण्यात 1964 पासून विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे आणि मराठी पत्रांतल्या कितीतरी कचेऱ्या तिथल्या विद्यार्थ्यांनी भरल्या. या इमारतीभोवती काय आहे ते पाहावं. गोखले अर्थशास्त्र संस्था चालत जाण्याच्या अंतरावर, विधी महाविद्यालय आणि भांडारकर संस्था टेकडीच्या अंगाला, फर्ग्युसन महाविद्यालय रस्त्यावरच. कोलंबियाच्या विद्यार्थ्याला अर्थशास्त्राच्या वर्गात बसण्यासाठी जेवढं चालावं लागतं, त्याहून इथे फार जास्त चालावं लागणार नाही. दुष्काळावर लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने एक सत्र शेतीच्या अर्थशास्त्राचं घ्यावं, कोर्टाचं बीट हवं असलेल्याने फौजदारी प्रक्रियेचा वर्ग पुरा करावा, आणि ते गुण त्याच्या पत्रकारितेच्या पदवीत धरले जावेत. पैसा यासाठी फारसा लागणार नाही. दोन विभागांच्या वेळापत्रकांचा मेळ आणि परीक्षा विभागाची एक मान्यता लागेल.