परसबाग : शरीर व मन यांच्या आरोग्याचे साधन

परसबाग म्हणजे भाजीच्या खर्चात बचत, एवढाच विचार बहुधा केला जातो. वास्तविक घरामागील चार वाफे हे कुटुंबाच्या शारीरिक व मानसिक आरोग्याचेही साधन होय.

याचे एक उदाहरण अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) येथील किल्ल्यातच सापडते. ऑगस्ट १९४२ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू व त्यांचे सहकारी यांना तेथे स्थानबद्ध करण्यात आले. तेथे आल्यावर लवकरच नेहरूंनी बागकाम हाती घेतले. जमीन निकृष्ट, दगडगोट्यांची व जुन्या बांधकामांच्या अवशेषांनी भरलेली होती. तरीही उन्हाची पर्वा न करता ते रोज कित्येक तास खणून फुलझाडांचे वाफे तयार करीत. १९४४ मध्ये याच किल्ल्यात लिहिलेल्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' या ग्रंथात त्यांनी हे नमूद केले आहे. सुटकेचा दिवस ठाऊक नसलेल्या बंदिवानास रोजचे ठरलेले काम किती आधार देत असेल, याची कल्पना यावरून येते.

शेतकऱ्याची विवंचना निराळी असते. जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेत येतो. शेतातील पिकाचे यश पाऊस व बाजारभाव यांवर अवलंबून राहते. परसबागेतील वाफा मात्र बराचसा आपल्या हाती असतो. मेथी तीन-चार दिवसांत उगवते व महिन्याभरात काढणीस येते. केलेल्या कष्टाचे फळ लवकर डोळ्यांस दिसल्याने मनास उभारी येते. मोकळी हवा, हिरवळ व हातास काम यांमुळे मनावरील ताणही हलका होतो.

शरीरास होणारा लाभही मोठा आहे. प्रौढांनी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि दररोज किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाव्यात, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. खुरपणी, खणणे व पाणी घालणे यांत तो व्यायाम सहज घडतो. वृद्धांसही झेपेल तेवढे काम करता येते. पालेभाज्यांतून लोह मिळते. जेवणात लिंबू असल्यास ते अंगी अधिक लागते. शेवग्याचा पाला व पिकलेली पपई यांतून अ जीवनसत्त्वास उपयुक्त घटक मिळतात.

पाण्याची टंचाई असलेल्या गावी भाज्या व धान्य धुतलेले पाणी वाफ्यांस द्यावे. साबणाचे पाणी पालेभाज्यांवर घालू नये. उन्हाळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन केल्यास ओल टिकते. बियाणे शक्यतो घरचे राखावे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचे बियाणे जतन करून परसबागेस नवे महत्त्व मिळवून दिले. त्यांच्या कार्याबद्दल २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

काही पथ्ये मात्र पाळली पाहिजेत. भर दुपारच्या उन्हात काम करू नये. डबक्यात पाणी साचू देऊ नये. त्यात डासांची पैदास होते. हातापायास जखम झाल्यास ती स्वच्छ धुऊन धनुर्वाताच्या लसीविषयी आरोग्य केंद्रात विचारावे. तसेच परसबागेचा भार एकट्या गृहिणीवर पडू नये. पाणी घालणे मुलांकडे, खणणे पुरुषांकडे व बी राखणे वडीलधाऱ्यांकडे द्यावे. अन्यथा आरोग्याचे हे साधनच थकव्याचे कारण होईल.

बागकाम हे औषधोपचारास पर्याय नव्हे. एखादी व्यक्ती दीर्घकाळ उदास राहत असेल, झोप व अन्न टाकत असेल किंवा जगण्याचा वीट आल्याचे बोलत असेल, तर तिला एकटे न सोडता त्वरित डॉक्टरांकडे न्यावे. 'टेली-मानस' या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी परसबागेचे बियाणे देताना ही माहितीही घरोघरी द्यावी, आणि पुढील भेटीत भाजीबरोबरच घरातील माणसांचीही विचारपूस करावी.