पाच मैलांच्या आतलं घर

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात इथलं पांढरीचं टेकाड उकरलं, तेव्हा साडेतीन हजार वर्षांपूर्वी वसलेलं एक अख्खं शेतकरी गाव उजेडात आलं. ह. धी. सांकलिया, झेड. डी. अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांच्या या उत्खननात शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. कुटलेल्या मातीची जमीन, बुटकी मातीची भिंत, तिच्यात रोवलेले लाकडी खांब, वर कुडाची भिंत आणि गवती छप्पर अशी ही घरं. चौकोनी आणि प्रशस्त. अंगणात चूल, धान्यासाठी जमिनीत पेव. पाच खोल्यांचं एक मोठं घर गावच्या प्रमुखाचं असावं, असं उत्खननकर्त्यांचं मत होतं. त्याच्या शेजारीच कोठार होतं.

नंतरच्या थरांत मात्र लहान, गोल झोपड्या दिसू लागतात. हवामान कोरडं होत गेलं, शेती आटली आणि लोक अर्धभटके झाले, असं ढवळीकरांनी या बदलाचं स्पष्टीकरण दिलं. पाऊस कमी झाला तसं घराचं आकारमानही बदललं. आजही शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातले पर्जन्यछायेचे तालुके आहेत. इथे घर बांधणाऱ्याने विचारायचा पहिला प्रश्न अजून तोच आहे: या जागेवर माती कोणती, ऊन कुठून येतं आणि पाणी किती पडतं?

सध्या हा प्रश्न बहुधा शेवटी विचारला जातो. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींनी या भागात पैसा आणला, रस्ते रुंद झाले आणि गावोगावी एकाच छापाची घरं उभी राहिली. काँक्रीटचे खांब, पातळ भिंती, उघडा स्लॅब. एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर तापलेला हा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो, आणि घरातली माणसं अंथरुणं घेऊन गच्चीवर जातात. पर्यावरणपूरक घर हवं म्हणणारे लोकही पुष्कळदा केरळातल्या किंवा ऑरोव्हिलमधल्या घराचं चित्र घेऊन गवंड्याकडे येतात. पण तिथला पाऊस वेगळा, माती वेगळी. तिथून उचलायचा तो विचार, चित्र नव्हे.

लॉरी बेकर हे ब्रिटिश वास्तुविशारद दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत गांधीजींना भेटले होते. घरासाठी लागणारं सामान पाच मैलांच्या परिसरातलंच असावं, हा गांधीजींचा विचार बेकरांनी आयुष्यभर जपला आणि पुढे केरळात शेकडो इमारतींत राबवला. वर्ध्याजवळ सेवाग्रामला १९३६ साली आश्रमाची पहिली घरं उभी राहिली, ती याच विचाराने. माती, बांबू, लाकूड आणि कौलं.

शिरूर-दौंडच्या एखाद्या प्लॉटभोवती पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर फिरलं तर काय मिळतं? काळा कातळ जवळपास सगळीकडे. माळरानावर मुरूम. नदीकाठी गाळाची माती आणि वीटभट्ट्या. काळ्या रानात चुनखडीचे खडे. बांधावर बाभूळ आणि कडुनिंब. उसाच्या पट्ट्यात पाचट. दौंडकडे गुऱ्हाळं आहेतच, आणि जुन्या वाड्यांच्या चुन्यात गूळ व हिरड्याचं पाणी घालत असत. वाडे पाडले जातात तेव्हा निघणारं सागवान, घडीव दगड आणि चौकटी हेही याच परिसरातलं सामान आहे. ते भंगारात घालवणं म्हणजे चांगल्या मालाची नासाडी.

यातलं नदीचं एक देणं मात्र घेऊ नये, ते म्हणजे वाळू. भीमा आणि घोड या दोन्ही नद्यांची पात्रं उपशाने खरवडली गेली आहेत. पात्रातली वाळू पाणी धरून ठेवते. ती गेली की काठच्या विहिरी लवकर तळ गाठतात. आता दगड भरडून केलेली क्रश सँड सर्वत्र मिळते. चांगल्या चाळलेल्या क्रश सँडचं काँक्रीट आणि गिलावा दोन्ही नीट होतात.

मातीची परीक्षा कुणालाही घरी करता येते. सरळ कडेच्या काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती घालायची, वर पाणी आणि चिमूटभर मीठ, जोरात हलवायचं आणि बरणी एक दिवस तशीच ठेवायची. तळाला खडे आणि वाळू बसते, त्यावर पोयटा, सर्वांत वर चिकणमाती. खडे आणि वाळू मिळून दोन तृतीयांशाच्या आसपास आणि चिकणमाती साधारण पाचवा हिस्सा असेल, तर सिमेंट मिसळून दाबलेले मातीचे ठोकळे करायला ती माती चांगली. त्यात सिमेंट पाच ते आठ टक्के पुरतं, आणि ठोकळे भाजावे लागत नसल्याने भट्टीचं सरपण किंवा कोळसा वाचतो. निव्वळ काळी माती मात्र या कामाला चालत नाही. ती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की भेगाळते.

काळ्या मातीचा हाच स्वभाव पायाच्याही मुळावर येतो. पाऊस आणि उन्हाळा यांच्या फेऱ्यात ती घर उचलते, खाली सोडते, आणि भिंतींना तिरक्या भेगा पडतात. म्हणून पाया काळ्या थरातून खाली, मुरमापर्यंत न्यायचा. मुरूम फार खोल असेल तर अभियंत्याकडून वेगळ्या पायाची आखणी करून घ्यायची. इथे काटकसर करू नये.

मातीच्या घरांचं कौतुक करताना किल्लारी विसरून चालणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद भागात झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसं गेली. मोठा घात केला तो धाब्याच्या घरांनी. गोल, ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती, मध्ये मातीचा गारा, आणि माळवदावर वर्षानुवर्षं चढत गेलेले मातीचे थर. भिंतींच्या दोन तोंडांना बांधणारे आरपार दगड नव्हते. भिंती फुटल्या आणि तो भार झोपलेल्या माणसांवर आला. जिथे माळवद लाकडी खणांच्या सांगाड्यावर नीट पेललेलं होतं, अशा काही घरांत भिंती ढासळूनही सांगाडा उभा राहिला. इनामगावच्या खांबांनी छपराचा भार असाच पेलला होता.

मातीचं घर बांधावं, पण या धड्यासह. छप्पर हलकं असावं. दगडी भिंतीत ठरावीक अंतराने आरपार दगड असावेत. जोत्याच्या, दारा-खिडक्यांच्या वरच्या आणि छपराखालच्या पातळीवर घराला सलग वेढणारे काँक्रीटचे किंवा लाकडाचे पट्टे असावेत. कोपऱ्याला लागून खिडकी नको. मातीच्या घरांच्या भूकंपसुरक्षेसाठी भारतीय मानक ब्युरोचं १३८२७ क्रमांकाचं मानक १९९३ पासून आहे. आराखडा करणाऱ्याने ते वाचलं आहे का, हे घरमालकाने जरूर विचारावं. भाजक्या विटाच वापरायच्या असतील तर बेकरांनी रुजवलेला रॅट-ट्रॅप बाँड उपयोगी पडतो. विटा कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवली जाते, त्यामुळे विटा जवळपास एक चतुर्थांश कमी लागतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते.

उन्हाचा हिशोब कागदावर मांडता येतो. हा भाग साडेअठरा ते एकोणीस अक्षांशांच्या दरम्यान आहे. मेच्या मध्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, आणि जुलैअखेरपर्यंत किंचित उत्तरेकडे. डिसेंबरात मात्र तो भर दुपारीही दक्षिणेला ४८ अंशांच्या आसपासच चढतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला की उन्हाळ्याचं ऊन बाहेर राहतं आणि थंडीतलं कोवळं ऊन आत येतं. पश्चिमेला मात्र छज्जा हरतो, कारण संध्याकाळचं तिरपं ऊन त्याच्या खालून घुसतं. म्हणून घर पूर्व-पश्चिम लांब आखायचं आणि पश्चिमेच्या अरुंद बाजूला जिना, कोठी किंवा न्हाणी ठेवायची. बाहेर कडुनिंब लावला तर फारच उत्तम. स्लॅब आधीच टाकून झाला असेल, तर त्यावर दर उन्हाळ्याच्या तोंडी पांढऱ्या चुन्याचा हात देणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय.

पाण्याचा हिशोब तर थक्क करणारा आहे. प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेतल्या घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर. छप्पर तेवढंच धरलं आणि वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला, तर साडेबारा हजार लिटर पाणी त्यावर पडतं. पाचवा हिस्सा वाया गेला तरी दहा हजार लिटर उरतं. पाच माणसांच्या कुटुंबाला पिण्या-स्वयंपाकासाठी रोज २५ लिटर लागतं असं मानलं, तर हे पाणी ४०० दिवस पुरेल. निम्माच पाऊस झाला तरी सहा-सात महिन्यांची सोय होते. त्यासाठी पन्हाळ हवी, पहिल्या पावसाचं धुवण बाहेर सोडणारी तोटी हवी आणि ऊन न लागणारी बंदिस्त टाकी हवी. टाकीची जागा पाया खोदतानाच ठरली तर वेगळं खोदकाम पडत नाही. नंतर सुचलेली टाकी बहुतेकदा होतच नाही.

या पट्ट्यात आराखड्याला आणखी एक गोष्ट वळण देते: उसातला बिबट्या. शिरूर आणि दौंडच्या वस्त्यांवर संध्याकाळनंतर परसात जाणं धोक्याचं झालं आहे. शेतातल्या घराचं शौचालय परसाच्या टोकाला न बांधता पडवीतून जाता येईल असं हवं. गोठा घराला लागून आणि वरूनही बंदिस्त असावा. दारापासून उसाच्या फडापर्यंत मोकळी, उजेडाची जागा सोडावी.

घरकुल योजनेत ठेकेदार नसतो, घर लाभार्थ्यानेच बांधायचं असतं. केंद्राच्या निकषांप्रमाणे सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. एवढ्यात मोठं घर होत नाही, पण वाढवता येईल असं घर होतं. जुन्या घरांची मोजणी खणांत होत असे, आणि ऐपतीप्रमाणे खण वाढत. तसंच आजही आधी दोन खण बांधून, बाजूच्या भिंतीच्या विटा दातेरी सोडून, पुढच्या खोलीचा पाया आत्ताच भरून ठेवता येतो. काम सुरू करण्याआधी जागा गावठाणातली आहे की शेतातली, आणि पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) हद्दीत येते का, हे तपासून परवानगी घ्यावी. दोन्ही तालुक्यांचा काही भाग त्या हद्दीत आहे.

वेळेचं गणित शेतीशी जुळवावं लागतं. मातीचे ठोकळे पाडून ओले ठेवायला दिवाळीनंतरचे दिवस बरे, कारण ऊन कमी असतं आणि ठोकळे हळूहळू पक्के होतात. मात्र त्याच वेळी ऊसतोड सुरू असते आणि मजूर मिळत नाहीत. म्हणून गवंडी दसऱ्यालाच ठरवून ठेवावा, ठोकळे घरच्या माणसांनी पाडावेत, संक्रांतीनंतर भिंती चढवाव्यात आणि ७ जूनला मृग लागायच्या आत छप्पर व पन्हाळ बसवून घ्यावी.