हृदयाचा बाण आणि उणे चिन्ह

ताडोबाच्या वेशीवरच्या मोहर्लीपासून चंद्रपूरपर्यंत नकाशावर एक सरळ बाण काढा. मोहर्लीला शून्य धरा. पूर्व व उत्तर अधिक, पश्चिम व दक्षिण उणे. चंद्रपूर साधारण ४ किलोमीटर पश्चिमेला आणि २४ किलोमीटर दक्षिणेला आहे. म्हणजे बाण झाला (−४, −२४). टोकाच्या निर्देशकांतून सुरुवातीचे निर्देशक वजा केले की हे आकडे मिळतात. गणितात अशा बाणाला सदिश आणि या दोन आकड्यांना त्याचे घटक म्हणतात. पहिल्या आकड्याचे उणे चिन्ह विसरले, तर माणूस चंद्रपूरच्या ८ किलोमीटर पूर्वेला पोहोचेल.

ईसीजीतही हेच गणित असते. प्रत्येक ठोक्याला हृदयातून विजेची लहर जाते आणि तिला दिशा असते. ती हातापायांवरून मोजण्याची रीत नेदरलँड्सच्या विलेम आइंटहोवेन यांनी बसवली. त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज ‘लीड एक’ या बाणाचा आडवा घटक सांगते, ‘एव्हीएफ’ उभा. इथे रुग्णाची डावी बाजू आणि खालची दिशा अधिक मानतात.

समजा, घटक (६, ८) आले. ढोबळ हिशेबाने बाणाची लांबी १० आणि कोन सुमारे ५३ अंश. प्रौढांत −३० ते +९० अंश सामान्य मानतात, म्हणजे दिशा ठीक आहे.

आता घाईत उजव्या हाताची लाल आणि डाव्या हाताची पिवळी वायर अदलाबदल झाली. उभा घटक तोच राहतो, आडव्याचे चिन्ह मात्र उलटते: (−६, ८). लांबी तीच, पण कोन १२७ अंश. हृदय होते तसेच आहे, कागदावर मात्र बाण उजवीकडे वळला. नसलेल्या आजाराची शंका येते किंवा असलेल्या झटक्याची खूण झाकली जाते.

म्हणून लीड एकमधल्या सगळ्या लहरी उलट्या दिसल्या, तर आधी वायरी तपासून ईसीजी पुन्हा काढावा. त्याला दोन मिनिटे लागतात; जंगलातल्या रस्त्याने चंद्रपूर गाठायला बराच अधिक वेळ जातो.

रुग्णांसाठी एवढेच: छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल, तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा. पहिला ईसीजी सामान्य आला तरी झटका नाहीच, असे ठरत नाही. त्रास थांबत नसेल, तर तो पुन्हा काढायला सांगावे.