आज्ञावलीला रंग कोण देते?

घाटकोपर स्थानकाच्या फलाटावरचा दर्शक-फलक तुम्ही पाहिला असेल. गाडी कुठे जाणार, किती वाजता येणार, जलद की धिमी, हे सारे ठरलेल्या जागी दिसते. म्हणून धावतपळतही ते एका नजरेत वाचता येते. हीच माहिती एका सलग ओळीत कोंबली असती तर? गाडी चुकलीच म्हणून समजा!

संगणकाच्या आज्ञावलीचेही तसेच आहे. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे संगणकाचे धडे मराठीतही मिळतात. अशा धड्यांवरून तुम्ही काही आज्ञावली लिहिल्या आणि शाळेच्या विज्ञानमंडळाच्या संकेतस्थळावर ठेवल्या. पण सगळी अक्षरे काळी असली, तर वाचणाऱ्याला डोळे ताणून वाचावे लागेल. म्हणून शब्दांना त्यांच्या प्रकारानुसार रंग देतात.

हे काम कोण करते? पायथन भाषेतील ही ओळ पाहा. इंग्रजी शब्द येथे देवनागरीत लिहिले आहेत.

इफ फलाट == २: प्रिंट("जलद # गाडी")  # घाटकोपर

रंग देणारी आज्ञावली ही ओळ डावीकडून वाचू लागते. तिच्याजवळ नियमांची यादी असते. 'इफ' हा भाषेचा राखीव शब्द, त्याला एक रंग. २ हा आकडा, त्याला दुसरा. अवतरणचिन्हांतल्या मजकुराला तिसरा. शेवटच्या # पासून पुढे माणसासाठी लिहिलेली टीप, म्हणून ती फिकट. पण अवतरणचिन्हांतही एक # आहे ना? ती टीप नव्हे. अवतरण उघडल्याचे आज्ञावली लक्षात ठेवते आणि ते मिटेपर्यंत वेगळे नियम लावते.

या पद्धतीचे 'पिग्मेंट्स' नावाचे साधन गेऑर्ग ब्रांडल यांनी २००६ साली प्रसिद्ध केले. त्याच्याच आधारे 'क्रोमा' हे साधन तयार झाले. 'ह्यूगो' हा संकेतस्थळ-निर्माता २०१७ पासून क्रोमा वापरतो. ह्यूगो सारी पाने आधीच तयार करून ठेवतो, जसा आई सकाळीच डबा भरून ठेवते. रंग एकदाच दिले जातात. वाचणाऱ्याच्या साध्या फोनला ते काम करावे लागत नाही.

आता कृती पाहू. आज्ञावलीच्या आधी एका ओळीत तीन बॅकटिक खुणा द्या आणि त्यांना लागूनच भाषेचे नाव लिहा. शेवटी पुन्हा तीन बॅकटिक द्या. ही खूण कळफलकावर १ च्या डावीकडे असते. भाषेचे नाव विसरलात, तर रंग येणार नाहीत. एरवी ह्यूगो रंग पानातच लिहितो. ते वेगळ्या सीएसएस फाइलीत हवे असल्यास मांडणीच्या फाइलीत 'नोक्लासेस' हा पर्याय 'फॉल्स' करा, 'ह्यूगो जेन क्रोमास्टाइल्स' या आज्ञेने ती फाइल तयार करा आणि पानाच्या साच्याला जोडा.

रंग निवडताना एक काळजी घ्या. काहींना लाल व हिरवा यांतला फरक दिसत नाही. शिवाय अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण निदान ४.५ : १ असावे, असा संकेतस्थळांसाठी दंडक आहे.

रंग आले म्हणजे आज्ञावली बरोबर आहे काय? मुळीच नाही! 'प्रिंट'चे स्पेलिंग चुकले, तर त्याचा नेहमीचा रंग जातो आणि चूक सापडते. पण बेरजेच्या जागी वजाबाकी लिहिलीत, तर रंग तसेच राहतील. रंग देणारे यंत्र शब्द ओळखते. अर्थ ओळखत नाही. तो आपणच तपासायचा.

करून पाहा: वरची ओळ कागदावर लिहा, रंगीत पेन्सिली घ्या आणि आपले नियम स्वतः ठरवून ती रंगवा. मग दुसरे अवतरणचिन्ह खोडा. आता रंग कुठपर्यंत पसरेल?