ताट रश्श्याचं, कसब भाकरीचं

नांदेड किंवा लातूरच्या रस्त्यावरच्या भाकरीच्या खानावळीत दरफलक वाचला, तर वाटीतल्या पदार्थांची नावं दिसतात: मटण थाळी, चिकन थाळी, अंडा करी, भरलं वांगं, पिठलं, शेवभाजी. भाकरी एकतर थाळीतच धरलेली असते, नाहीतर फलकाच्या तळाशी सगळ्यात कमी दराने लिहिलेली असते. मेक्सिकोत टाको विकणारी साधी उपाहारगृहं असतात, त्यांना टाकेरिया म्हणतात. तिथेही टाकोचं नाव आतल्या मांसावरून पडतं. पण तिथल्या कित्येक ठिकाणी दारातच पाटी असते की इथल्या टॉर्टिया, म्हणजे टाकोच्या मक्याच्या पोळ्या, हाताने थापलेल्या आहेत, आणि गिऱ्हाईक त्यासाठी दोन पैसे जास्त मोजतं. आपल्याकडे महामार्गावरच्या पाट्यांवर ‘चुलीवरची भाकरी’ असं ठळक लिहिलेलं असतं. म्हणजे मान चुलीला मिळतो, थापणाऱ्या हाताला मिळत नाही. माझं म्हणणं असं की या खानावळीचा मुख्य पदार्थ भाकरीच आहे. ती दर ताटामागे नव्याने करावी लागते, आणि तिचा दर तसा लावला नाही तर ही खानावळ फार काळ टिकणार नाही.

हे नीट समजायला भाकरी होते कशी ते जवळून पाहावं लागतं. गव्हाच्या पिठात ग्लूटेन असतं. पाणी लागलं की त्याला ताण येतो, कणीक लाटता येते आणि तासभर झाकून ठेवली तर उलट सुधारते. ज्वारीत ग्लूटेन नाही. तिचं पीठ धरून ठेवतो तो कढत पाण्याने फुगलेला स्टार्च, आणि तळहाताने काठवटीत रगडून रगडून आलेला मऊपणा. पीठ शिळं झालं, विरी म्हणजे त्याचा चिकटपणा गेला, की कडा फाटतात आणि भाकरी उचलताना तुटते. म्हणून चांगल्या खानावळीत दळण थोडं थोडं आणतात. गोळा पिठावर ठेवून एका हाताने थापायचा, दुसऱ्या हाताने कड सावरत फिरवायचा, पिठाची बाजू वर ठेवून तव्यावर टाकायची, लगेच वरून पाण्याचा हात फिरवायचा. ते पाणी सुकायच्या आत, पण फार ओलं असतानाही नाही, अशा नेमक्या क्षणी उलटायची. मग आचेला लावली की वाफेने टम्म फुगते आणि पापुद्रा सुटतो. यातली एकही पायरी आधी उरकून ठेवता येत नाही. मळून ठेवलेलं पीठ सैल पडतं, थापून ठेवलेली भाकरी चिकटते, भाजून ठेवलेली वातड होते. रस्सा सकाळी केलेला रात्री जास्त मुरतो. भाकरीला ती सवलत नाही. खानावळीत खरा स्वयंपाक ‘ऑर्डर आल्यावर’ होतो तो फक्त तव्यापाशी.

मक्याच्या टॉर्टियाचं दुखणं नेमकं हेच आहे. मक्यातही ग्लूटेन नाही. मेक्सिकोच्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्यावर तोड काढली: मका चुन्याच्या पाण्यात उकळायचा, रात्रभर भिजवायचा, सालं धुऊन काढायची आणि ओलाच वाटायचा. या क्रियेने पीठ जुळून येतं, शिवाय मक्यातलं नायसिन अंगी लागतं. युरोपाने मका नेला, चुना नेला नाही, आणि अठराव्या शतकात स्पेन-इटलीतल्या गरिबांत नायसिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा रोग पसरला. एवढं करूनही मक्याची टॉर्टिया काही तासांत कडक होते, म्हणून मेक्सिकोत मोहल्ल्यामोहल्ल्यात टॉर्टियाची दुकानं असतात. उत्तर मेक्सिकोत गहू पिकतो, तिथली गव्हाची टॉर्टिया मऊ राहते, मोठी लाटता येते, भरपूर सारण गुंडाळून घेते. बरिटो तिथला. अमेरिकेत तो सगळीकडे पोचला, आणि आज भारतातल्या मॉलमध्ये मेक्सिकन म्हणून जो रोल हातात पडतो तोही बहुधा गव्हाच्या किंवा मैद्याच्या पोळीतला असतो. जी भाकर टिकते, तीच प्रवास करते आणि साखळी हॉटेलांच्या धंद्यात बसते. मेक्सिकोची मिरची चारशे-पाचशे वर्षांत आपल्या मातीत इतकी रुजली की नांदेड जिल्ह्यातलं धर्माबाद तिच्यासाठी ओळखलं जातं. मक्याच्या ताज्या टॉर्टियाला मात्र तेवढी वाट चालता आली नाही.

मराठवाड्यात हाच खेळ गहू आणि ज्वारी यांच्यात चालू आहे. परीक्षांच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’मुळे राज्यभरातून मुलं लातूरला शिकायला येतात, नांदेडलाही येतात, आणि त्यांच्यावर मेस आणि डब्यांचा मोठा धंदा उभा आहे. डबा सकाळी भरून दुपारी उघडायचा असतो, म्हणून डब्यात चपातीच बसते. नांदेडला हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरात एका पंगतीत शेकडो माणसं जेवतात, तिथेही गव्हाची रोटीच चालते. त्यात गैर काही नाही, तो पदार्थच त्या कामाचा आहे. सरकारने २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू केली. तिच्यात ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात ठरला. ज्वारी खाणाऱ्या जिल्ह्यांतही सरकारी ताटात भाकरी ठरली नाही, आणि ठरवणाऱ्यांच्या अडचणी वर सांगितलेल्या भाकरीच्या कृतीतच आहेत.

यावर कोणी म्हणेल, सोलापूरची कडक भाकरी महिनाभर टिकते, पाकिटात बंद होऊन परगावी जाते. धपाटे तर प्रवासासाठीच करतात. खरं आहे. पण कडक भाकरी आमटीत चुरून खायची, तिची गोडी वेगळी. मेक्सिकोतही कडक झालेल्या टॉर्टियाचे तुकडे तळून खातात. धपाट्यात कणीक, बेसन, दही पडतं, म्हणून तो मऊ राहतो. या दोन्हींमुळे मऊ, गरम, पापुद्रा सुटलेल्या भाकरीची जागा भरून निघत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दिवसभर तव्यापाशी बसून, धूर आणि धग सोसून बाईने भाकऱ्या थापाव्यात, याचं कौतुक कसलं? मेक्सिकोतल्या बायका गुडघ्यावर बसून तासन्‌तास पाट्यावर मका वाटायच्या, गिरणी आली तेव्हा त्या सुटल्या. आपल्याकडेही जातं गेलं आणि गिरणी आली, त्याबद्दल हळहळायचं काही कारण नाही. चुलीचं कौतुकही मला पटत नाही. गॅसवर भाकरी उत्तम फुगते आणि डोळे, फुप्फुसं वाचतात. दाबून भाकरी करणारी यंत्रं निघाली आहेत. त्यांनी मनगटाला विसावा मिळत असेल तर खुशाल वापरावीत. पण असं दाबणारं यंत्र फक्त थापतं. पीठ ओळखणं, पाण्याचा हात, उलटायची वेळ आणि लगेच वाढणं हे माणसाकडेच राहतं. त्या कसबाला आचाऱ्याइतका पगार द्यायचा, की ‘भाकरीवाली बाई’ म्हणून सगळ्यात कमी रोज द्यायचा, हा प्रश्न यंत्राने सुटत नाही.

तिसरा युक्तिवाद हल्ली फार ऐकू येतो: संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष पाळलं, ज्वारीला आता आरोग्याची मागणी आहे, भाकरी आपोआप तरेल. मला शंका आहे. आरोग्याच्या नावाने ज्वारीचे नूडल्स आणि बिस्किटं खपतात, खानावळीतली भाकरी खपेलच असं नाही. शिवाय ज्वारी एकटी पुरत नाही. १९६० च्या सुमारास हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी दख्खनमधल्या, मुख्यतः ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नोंदवला. मक्याचा म्हणून ओळखला जाणारा रोग इथे ज्वारी खाणाऱ्यांत निघाला. भाकरीला वरण, शेंगदाण्याची चटणी, मेथी किंवा अंबाडीची भाजी, येसर आमटी जोडली की जेवण पुरं होतं, आणि खानावळीचं ताट तेच करतं. लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे तिन्ही जिन्नस एका साध्या आमटीत येतात, पण ती आमटी ओरपायला गरम भाकरी लागते.

राहिला पैशाचा प्रश्न. ज्वारी महाग, आणि लातूर-नांदेडच्या खरिपात तिची जागा कधीच सोयाबीनने घेतली आहे. परतीच्या पावसात कणीस काळं पडतं, काढणीला माणूस मिळत नाही, कडब्याचं गिऱ्हाईक असलेले बैल घटले. शेतकऱ्याचा हिशोब चुकलेला नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या साथीने लोह आणि जस्त जास्त असलेलं ‘परभणी शक्ती’ वाण २०१८ मध्ये आणलं. पण चांगलं बियाणं पेरायला ठरलेलं गिऱ्हाईक लागतं. खानावळ ते होऊ शकते: रब्बीचा शाळू थेट घ्यायचा, आठवड्याचं दळण आठवड्याला करायचं. हे दहा रुपयांच्या भाकरीत बसत नाही, हे खानावळवालेही जाणतात. मेसमधली मुलं जास्त मोजणार नाहीत, असं ते म्हणतात, आणि रोजच्या डब्यापुरतं ते बरोबरही आहे. डब्यात चपातीच राहू द्या. पण तीच मुलं रविवारी मेस बंद असताना मटण थाळीला शे-दोनशे मोजतात, आणि त्या थाळीत तव्यावरून थेट आलेली भाकरी नसेल तर दुसरी खानावळ गाठतात. मग फलकावर त्या भाकरीची वेगळी ओळ, तिचा खरा दर आणि त्या दरातला थापणारीचा वाटा लिहायला हरकत कोणती? मटणाचा भाव वाढला की खानावळवाले थाळीचा दर त्याच आठवड्यात बदलतात. ज्वारीचा भाव वाढला की भाकरी आकाराने लहान होते आणि दर तोच राहतो.