डोळ्यांतून पाणी येतंय, मग डोळे कोरडे कसे?

"अगो, डॉक्टरांचंच काहीतरी चुकलंय. डोळ्यांतून घळाघळा पाणी येतंय आणि ते म्हणतात डोळे कोरडे पडलेत! तेही रत्नागिरीच्या दमट हवेत?"

मावशीने असं म्हणून डॉक्टरांचे ड्रॉप्स बंद केले आणि शेजारच्या काकूंना 'लगेच गुण आला' ते मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणले. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली तर त्यात डेक्सामेथासोन, म्हणजे स्टिरॉइड! म्हणून आजची पोस्ट. आधीच सांगते, मी डोळ्यांची डॉक्टर नाही. माझं पीएचडीचं काम पातळ थरांच्या रसायनशास्त्रावर आहे. पण डोळ्यावरचे अश्रू हासुद्धा एक पातळ थरच आहे.

हा थर जेमतेम 3 मायक्रोमीटर जाडीचा असतो, केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीसपट पातळ. त्यात तीन गोष्टी लागतात.

पहिली म्हणजे म्युसिन, डोळ्याच्या पृष्ठभागावरचा बुळबुळीत पदार्थ. अळवाच्या पानावर पाणी पसरत नाही, त्याचे थेंब होऊन घरंगळतात. म्युसिन नसेल तर डोळ्यावरही पाणी नीट पसरणार नाही. दुसरी गोष्ट पाणी. ते अश्रुग्रंथींतून येतं आणि त्यात क्षार, प्रथिनं असतात. तिसरी म्हणजे तेल. पापण्यांच्या कडेला मायबोमियन ग्रंथींची बारीक तोंडं असतात. आपण पापणी मिटली की त्यांतून थोडं तेल बाहेर येतं आणि पाण्यावर तवंगासारखं पसरतं. हा तवंग पाणी उडून जाऊ देत नाही.

आता मावशीचं कोडं सुटतं. बऱ्याच जणांच्या कोरड्या डोळ्यांत पाणी कमी नसतं, तेल कमी पडतं किंवा घट्ट होऊन अडकतं. तवंग विरळ झाला की पाणी पटकन उडतं, थर फाटतो, उघडा पडलेला भाग चुरचुरतो. मग मेंदू अश्रुग्रंथीला सांगतो, पाणी सोड! भसकन पाणी येतं, पण ते टिकत नाही, गालावरून ओघळून जातं. म्हणजे डोळे वाहणं हेच कोरडेपणाचं लक्षण असू शकतं.

आणि दमट हवेचं काय? बाहेर कितीही दमट असलं तरी आपण रात्रभर पंख्याखाली झोपतो, दुपारी एसीत बसतो, स्कूटरवर वारा खातो. त्यात मोबाइल. एरवी आपण मिनिटाला साधारण 15 ते 20 वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनकडे टक लावून बघताना हा आकडा निम्म्याहूनही खाली येऊ शकतो, शिवाय पापणी अर्धवटच मिटते. मग तेल पसरणार कसं?

नेमकं काय बिघडलंय ते डॉक्टर साध्या चाचण्यांनी बघतात. शिर्मर चाचणीत खालच्या पापणीत कागदाची पट्टी 5 मिनिटं ठेवतात. ती 5 मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर पाणीच कमी आहे असं समजतात. दुसऱ्या चाचणीत डोळ्यात रंग घालून निळ्या प्रकाशात थर किती सेकंदांत फाटतो ते मोजतात. 10 सेकंदांच्या आत फाटला तर तो अस्थिर आहे.

उपचार या निदानावर ठरतात. तेल अडकलं असेल तर ऊबदार शेक. थंडीत खोबरेल तेलाची बाटली गोठली की आपण ती कोमट पाण्यात ठेवतो ना, तसंच. स्वच्छ फडका कोमट पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यांवर 5 ते 10 मिनिटं धरायचा. फडका निवला की परत कोमट करायचा, चटका बसेल इतका गरम नको. मग पापणीच्या कडेला हलका मसाज. हे रोज, काही आठवडे. ओलावा देणारे ड्रॉप्स, म्हणजे कृत्रिम अश्रू, दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालावे लागत असतील, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मिळतात का ते विचारा. बेंझाल्कोनियम क्लोराइड हे नेहमीचं प्रिझर्व्हेटिव्ह वारंवार गेलं तर डोळ्याच्या पृष्ठभागालाच त्रास देतं. सूज जास्त असेल तर डॉक्टर सायक्लोस्पोरिनचे ड्रॉप्स देतात. त्याचा गुण यायला काही महिने लागू शकतात, मध्येच सोडू नका.

"मग बांगडे, तारली खाऊन फरक पडेल का?" हा मावशीचा पुढचा प्रश्न. माशांतल्या ओमेगा-3 वर अमेरिकेत 'ड्रीम' नावाचा मोठा अभ्यास झाला, तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. 535 रुग्णांपैकी काहींना वर्षभर रोज 3 ग्रॅम ओमेगा-3 च्या कॅप्सूल दिल्या, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या ऑलिव्ह तेलाच्या. दोन्ही गटांना बरं वाटलं, पण त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. तुलनेला दुसरा गट नसता, तर सगळं श्रेय ओमेगा-3 लाच गेलं असतं! तेव्हा बांगडे खुशाल खा, पण डोळ्यांसाठी म्हणून महागड्या कॅप्सूल घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आता त्या स्टिरॉइडबद्दल. त्याने सूज आणि लाली उतरते, म्हणून 'लगेच गुण' येतो. गरज असेल तेव्हा डॉक्टरही ते देतात, पण थोडे दिवस आणि लक्ष ठेवून. मनाने घेत राहिलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, आणि सुरुवातीला ती जातेय हे कळतही नाही.

डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा कमी दिसायला लागलं असेल तर थांबू नका. डोळ्यांबरोबर तोंडही कोरडं पडत असेल, सांधे दुखत असतील तर तेही सांगा. हेन्रिक श्योग्रेन या स्वीडिश डॉक्टरने 1933 साली आपल्या प्रबंधात अशाच रुग्णांचं वर्णन केलं होतं. तो आजार आज त्याच्याच नावाने ओळखला जातो.

मावशीला डॉक्टरांकडे परत नेलं, ती बाटलीही सोबत नेली. दाब मोजला, सुदैवाने ठीक निघाला. आता रोज रात्री शेक चालू आहे. तुमच्याही घरात अशी एखादी बाटली असेल, तर आज तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा.