कर्णा, अभ्रक आणि षड्ज : कर्ण्याच्या ग्रामोफोनचा मागोवा (१८७७–१९३७)

कर्ण्याच्या ग्रामोफोनमध्ये शक्तीचा उगम एकच असतो, आणि तो म्हणजे चावी देताना पोलादी कमानीत साठवलेला माणसाच्या हाताचा जोर. त्या जोरावर तबकडी फिरते, तिच्या खाचेतील नागमोडी वळणे सुईला डावीउजवीकडे हलवतात, सुईची हालचाल एका छोट्या तरफेवाटे अभ्रकाच्या पातळ पडद्यापर्यंत जाते, पडदा हवेला ढकलतो आणि ती हवा कर्ण्यातून खोलीत पोचते. या साखळीत वीज नाही, व्हॉल्व्ह नाही, बाहेरून शक्तीची भर घालणारे काहीच नाही. कर्णा आवाज ‘मोठा करतो’ असे सर्रास म्हटले जाते, पण ते पूर्णपणे खरे नाही. पडद्याची हालचाल अगदी लहान पण जोरकस असते आणि खोलीतील हवा मोकळी व निसटती असते, त्यामुळे पडदा उघड्यावर ठेवला तर त्याचा जोर हवेला लागतच नाही. कर्ण्याच्या निमुळत्या टोकाशी मात्र हवा कोंडलेली असल्याने पडद्याला ढकलण्यासारखा भार मिळतो, आणि तिथे निर्माण झालेला दाब रुंदावत जाणाऱ्या नळीतून पुढे सरकत सरकत मोठ्या तोंडाशी पुष्कळ हवेच्या सौम्य हालचालीत बदलतो. म्हणजे कर्णा हा पडदा आणि हवा यांच्यातील दुवा आहे, आणि या यंत्राच्या साठ वर्षांच्या घडणीचा इतिहास हा बहुतांशी हा दुवा नीट जुळवण्याचा इतिहास आहे.

मराठीने या भागाला दिलेले नाव अन्वर्थक आहे. कर्णा हे मुळात मिरवणुकीत आणि देवळाच्या दारी फुंकले जाणारे लांब धातूचे वाद्य, आणि ओठांच्या कंपनाला मोकळ्या हवेशी जोडण्याचे त्याच्या पसरट तोंडाचे काम ग्रामोफोनच्या कर्ण्याहून वेगळे नाही. ‘तबकडी’ हा शब्द तबकावरून आला, तर मद्रासकडील तमिळ भाषेत तीच वस्तू ‘इसैत्तट्टु’, म्हणजे संगीताचे ताट, झाली. दोन भाषांनी स्वतंत्रपणे एकच स्वयंपाकघरातली उपमा निवडावी, ही लक्षात राहण्याजोगी गोष्ट आहे.

एडिसनने १८७७ च्या अखेरीस बनवलेल्या पहिल्या फोनोग्राफमध्ये तबकडी नव्हती. कथिलाचा पातळ पत्रा गुंडाळलेला एक दंडगोल हाताने फिरवला जाई, पडद्याला जोडलेले टोक त्या पत्र्यावर कमीअधिक खोल ठसा उमटवी, आणि तोच ठसा पुन्हा टोकाखालून नेला की आवाज परत येई. येथे ध्वनीची नोंद खाचेच्या खोलीत, म्हणजे वरखाली होत असे, आणि दंडगोल आणि टोक यांना लांबीच्या दिशेने एकमेकांपुढून सरकवण्याचे काम एका आट्यांच्या दांड्याकडे सोपवलेले होते. पुढे पत्र्याची जागा मेणाने घेतली, तरी ही मूळ रचना टिकून राहिली. एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये मांडलेल्या ग्रामोफोनने दोन्ही गोष्टी बदलल्या : सपाट तबकडी आली आणि खाचेची खोली सारखी ठेवून नोंद आडव्या नागमोडीत होऊ लागली. तबकडीवरून साचा काढून हव्या तितक्या प्रती छापता येतात हा या बदलाचा व्यापारी फायदा सर्वपरिचित आहे. यंत्ररचनेच्या दृष्टीने मात्र दुसरा परिणाम अधिक खोलवरचा होता, कारण आट्यांचा दांडा गेला आणि सुईला तबकडीच्या मध्याकडे ओढत नेण्याचे कामही खाचेच्या भिंतींवरच येऊन पडले. एकाच खाचेने आवाज सांगायचा, सुई चालवायची आणि वरचे वजनही पेलायचे, अशी ही तिहेरी जबाबदारी होती.

बर्लिनरच्या सुरुवातीच्या यंत्रांत हे ओझे अतिशय जाचक होते. साउंडबॉक्स, म्हणजे सुई, तरफ आणि पडदा बसवलेली डबी, थेट कर्ण्याच्या टोकाला जोडलेली असे, आणि तबकडी वाजत असताना सबंध कर्णा डबीबरोबर सरकत जाई. कर्णा मोठा केला तर आवाज सुधारे पण खाच झिजे, आणि लहान ठेवला तर खाच वाचे पण आवाज पातळ होई. कॅम्डन गावच्या एल्ड्रिज जॉन्सनने १८९६ मध्ये यंत्राला भरवशाची कमानीची मोटर दिली, परंतु त्याची त्याहून मोलाची कामगिरी म्हणजे १९०३ च्या सुमारास आलेली निमुळती पोकळ भुजा. कर्णा आता पेटीच्या मागच्या बाजूच्या आधारावर स्थिर बसला, हलायचे काम फक्त भुजेने आणि डबीने करायचे ठरले, आणि ती भुजाही डबीपासून कर्ण्यापर्यंत सारखी रुंदावत गेल्यामुळे तीच कर्ण्याचा आरंभीचा भाग ठरली. नळीच्या रुंदीत जिथे अचानक पायरी येते तिथे ध्वनीचा काही भाग उलट फिरतो, हे जॉन्सनच्या रचनेने कृतीतून मान्य केले. त्याचे गणित पुढे वीस वर्षांनी आले. यानंतर कर्णा कितीही मोठा करता येऊ लागला, आणि फुलाच्या पाकळ्यांसारखे रंगीत पत्र्याचे कर्णे याच मोकळिकीतून जन्मले. १९०६ पासून अमेरिकेत कर्णा लाकडी कपाटात दडवलेली यंत्रे आली, पण ती सुधारणा दिवाणखान्याच्या शोभेची होती, आवाजाची नव्हती.

साउंडबॉक्सकडे भारतीय वाचकाने थोडे थांबून पाहावे, कारण या परदेशी यंत्राची दोन कळीची द्रव्ये भारताच्या भूमीत विपुल होती. सुमारे दोन इंच व्यासाचा पडदा अभ्रकाचा असे. अभ्रक हलके, ताठ आणि हवेतील ओलाव्याला न जुमानणारे असल्यामुळे त्याची निवड झाली, आणि त्या काळी जगाला अभ्रक पुरवणाऱ्या मोठ्या क्षेत्रांत कोडर्मा-हजारीबागचा पट्टा आणि मद्रास इलाख्यातील नेल्लोर यांची गणना होत होती. तबकडीचा बांधा चपडा लाखेचा, म्हणजे छोटा नागपूर आणि आसपासच्या जंगलांत झाडांवर वाढणाऱ्या कीटकांपासून मिळणाऱ्या राळेचा असे, आणि तिच्यात दगडाची वस्त्रगाळ पूड व काजळी मिसळलेली असे. ही पूड मुद्दाम घातलेली असे, कारण वजनदार डबीखालची नवी पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांतच घासून खाचेच्या आकाराची व्हावी आणि झीज तबकडीऐवजी सुईची व्हावी, असा त्यामागचा हिशोब होता. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन मिनिटे वाजते असे धरले तर सुई सुमारे सव्वाशे मीटर खरखरीत वाट चालून जाते, आणि म्हणूनच प्रत्येक बाजूला नवी सुई लावण्याचा नियम होता. तो पाळला न गेल्यामुळे कितीतरी गायकांचे वरचे स्वर कायमचे घासले गेले आहेत.

ध्वनिमुद्रण करतानाही हीच साखळी उलट दिशेने चाले : गायक कर्ण्याच्या तोंडाशी बसे, त्याच्या आवाजाने पडदा हाले आणि कोरणारे टोक मऊ मेणात खाच पाडी. फ्रेड गैसबर्गने नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीसाठी भारतातील पहिली तबकडी-मुद्रणे केली, त्यांत गौहरजान होत्या, आणि छपाईसाठी ते मुद्रण जर्मनीतील हानोव्हरला गेले. १९०८ मध्ये कलकत्त्याच्या सियालदह भागात कारखाना निघेपर्यंत हाच क्रम होता. गाण्याच्या शेवटी कलावंत स्वतःचे नाव मोठ्याने सांगतात, त्यामागे परक्या देशातील तंत्रज्ञांना मुद्रण ओळखता यावे हे कारण सांगितले जाते.

कर्ण्यातून होणारे मुद्रण साधारणपणे सेकंदाला १६८ ते २,००० कंपनांच्या पट्ट्यात नोंदले जाई. ही संख्या भारतीय मैफलीला लावून पाहिली की फार मोठा अर्थ उलगडतो. पुरुष गायकाचा षड्ज पांढरी एक ते काळी दोन या पट्टीत असेल तर त्याच्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेची मूळ कंपने सेकंदाला ८० च्या खालीच राहतात, आणि डग्ग्याचा घुमाराही त्याच प्रदेशातला असतो, म्हणजे दोन्ही पट्ट्याबाहेर पडतात. वरच्या टोकाला तंबोऱ्याची जवारी, म्हणजे घोडीवरून तार चाटून जाताना उमटणाऱ्या उपस्वरांची झळाळी, तीही बरीचशी कापली जाते. मैफलीचा पाया आणि तिचे तेज दोन्ही गळून मधला गळा तेवढा उरतो. तरीही तो गळा ओळखू येतो, कारण मूळ स्वर गाळला गेला तरी त्याच्या उपस्वरांच्या क्रमावरून कान तो स्वर स्वतःच पुन्हा उभा करतो. श्रवणाच्या या गुणामुळेच कर्ण्याचे युग टिकले. केशवराव भोसले १९२१ मध्ये निवर्तले आणि गायिका कोइंबतूर तायी १९१७ मध्ये निवर्तल्या, त्यामुळे मराठी रंगभूमीचा तो धारदार आवाज आणि मद्रासच्या मैफलींचा हा आवाज आज आपल्यापर्यंत केवळ या अरुंद वाटेने पोचतो. भास्करबुवा बखल्यांचा आवाज तर या वाटेनेही आला नाही, आणि मराठी संगीताच्या इतिहासातील ही हानी कोणत्याही तांत्रिक उणिवेपेक्षा मोठी आहे.

कर्ण्याचा आकार कसा असावा याचे खरे उत्तर १९१९ मध्ये आर्थर वेब्स्टरने प्रसिद्ध केलेल्या सिद्धांतातून आणि त्यानंतर १९२५ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत मॅक्सफील्ड व हॅरिसन यांनी केलेल्या कामातून मिळाले. सरळ शंकूऐवजी कर्ण्याचे छेदक्षेत्र ठरावीक अंतरागणिक दुप्पट होत गेले पाहिजे, आणि ते अंतर जितके मोठे तितका खालचा स्वर कर्णा बाहेर सोडतो. सेकंदाला १०० कंपनांपर्यंत उतरायचे असेल तर छेद दर १९ सेंटिमीटरला दुप्पट व्हावा लागतो आणि तोंडाचा व्यास एक मीटरहून जास्त लागतो. दीड सेंटिमीटरच्या टोकापासून तिथवर जायला सव्वादोन मीटरहून अधिक लांबीची नळी हवी. खोलीत न मावणारी ही नळी घड्या घालून कपाटात बसवणारा ऑर्थोफोनिक व्हिक्ट्रोला १९२५ च्या नोव्हेंबरात बाजारात आला. यांत्रिक पुनर्निर्मिती शास्त्रीय दृष्ट्या परिपूर्णतेच्या जवळ पोचली ती नेमकी त्याच वर्षी, ज्या वर्षी विद्युत ध्वनिमुद्रणाने तिच्या निम्म्या कामाची गरज संपवली. भारतात मात्र बहुसंख्य घरांत वीज नसल्यामुळे मायक्रोफोनने मुद्रित झालेल्या तबकड्या चावीच्या यंत्रांवरच पुढे कितीतरी वर्षे वाजत राहिल्या.

कर्ण्याकडून विजेकडे जाणाऱ्या या काळात मद्रास मराठी मुलखाशी एका गायकामुळे जोडलेले आहे. मिरजेचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा आवाज १९०५ च्या सुमारास कर्ण्यातून मुद्रित झाला आणि पुन्हा १९३४ नंतर ओडियन कंपनीसाठी विजेच्या साहाय्याने मुद्रित झाला; ‘जमुना के तीर’ ही त्यांची भैरवी या दुसऱ्या काळातली. एकाच माणसाचा गळा दोन यंत्रयुगांतून ऐकण्याची अशी संधी भारतीय संगीतात थोड्यांच्याच बाबतीत मिळते. खाँसाहेबांनी कर्नाटक संगीताचाही व्यासंग केला आणि त्यागराजांची कृती मुद्रित केली. दक्षिणेत ओडियनच्या तबकड्यांची विक्री मद्रासचे सरस्वती स्टोअर्स करीत असे, आणि तिच्या चालकांपैकी ए. व्ही. मेय्यप्पन यांनी पुढे चित्रपट व्यवसायात नाव कमावून १९४० च्या दशकाच्या अखेरीस वडपळनीला स्टुडिओ थाटला. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना चेंगलपट्टूच्या अलीकडील सिंगपेरुमाळ कोइल स्टेशनवर खाँसाहेबांचे निधन झाले.

मद्राससारख्या शहरात आज एखादे जुने यंत्र कोणाच्या घरी असेल तर त्याचा खरा शत्रू समुद्राकाठची दमट उष्ण हवा आहे. पडद्याच्या कडेचे रबर काही दशकांत लाकडासारखे कडक होते, पडदा मोकळा हलेनासा होतो आणि यंत्र खरखरू लागते. कमानीच्या घरातले वंगण घट्ट होते आणि लाखेच्या तबकडीवर बुरशी चढते. बाजारात शोभेसाठी विकले जाणारे चकचकीत पितळी कर्ण्याचे ‘जुने’ ग्रामोफोन बहुधा नव्या कर्ण्याला हातात नेण्याच्या पेटीची जुनी मोटर आणि भुजा जोडून बनवलेले असतात. त्यांच्या कोपराच्या वळणात रुंदी एकदम बदलते, आणि जॉन्सनने १९०३ मध्ये जी पायरी काढून टाकली तीच तिथे पुन्हा येऊन बसते.

या सर्व भागांत सर्वात दुर्लक्षित राहिलेला भाग म्हणजे वेग राखणारा नियंत्रक. मोटरच्या एका दांड्यावर पोलादी पट्ट्यांना तीन छोटे गोळे लावलेले असतात, वेग वाढला की ते बाहेर फेकले जातात आणि एक चकती नमद्याच्या तुकड्यावर दाबली जाऊन वेग उतरतो. तो तुकडा पुढेमागे करण्यासाठी पेटीवर एक आटा असतो. मिनिटाला ७८ फेरे हे मानक नंतर रूढ झाले, आणि १९०५ च्या आसपासच्या तबकड्या ७० ते ८० च्या दरम्यान कोणत्याही वेगाने मुद्रित झालेल्या आहेत. पंचाहत्तरने मुद्रित झालेली तबकडी अठ्ठ्याहत्तरने वाजवली तर गायकाची पट्टी जवळजवळ पाऊण अर्धस्वराने चढते, आणि मुद्रणाचा नेमका वेग ठाऊक नसल्याने मूळ षड्ज नेमका कोणता होता हे तबकडी सांगत नाही. अब्दुल करीम खाँ यांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण सांगलीचे के. बी. देवल आणि अर्नेस्ट क्लेमंट्स यांच्या श्रुतिसंशोधनाला त्यांनी आपल्या गळ्याची साथ दिली होती आणि स्वरांच्या सूक्ष्म अंतरांवर त्यांचा विश्वास होता. तबकडीचा वेग चुकला तर सर्व स्वरांची कंपने एकाच पटीने वाढतात किंवा घटतात, त्यामुळे षड्ज चुकीचा ऐकू आला तरी षड्ज आणि गांधार यांच्यातील गुणोत्तर, म्हणजे श्रुती, जशीच्या तशी राहते. कमान उतरत जाऊन गाणे वाजतानाच वेग ढळला तर मात्र तीही ढळते, आणि म्हणूनच प्रत्येक बाजू लावण्यापूर्वी चावी पूर्ण द्यावी लागते.